पत्रातले 'वर्क-स्टडी' म्हणजे नेमके काय?

मार्च-एप्रिल आला की आपल्या घरांत कॉलेजची पत्रे येऊ लागतात. 'फायनान्शियल एड'चा कागद टेबलावर पसरून आई-बाबा बेरीज करतात: ग्रँट इतकी, कर्ज इतके, वर्क-स्टडी दोन हजार. सगळे फीमधून वजा होते आणि जीव भांड्यात पडतो. पुढे बिल येते, ते मात्र दोन हजारांनी जास्त! मंडळातल्या पालकांकडून ही तक्रार आम्ही वरचेवर ऐकतो, म्हणून हा लेख.

वर्क-स्टडीची रक्कम बिलातून आपोआप वजा होत नाही. तो आकडा म्हणजे या योजनेखाली वर्षभरात जास्तीत जास्त किती कमावता येईल, एवढेच. काम मुलाने किंवा मुलीने स्वतः शोधायचे, तास भरायचे. केलेल्या तासांचाच पगार मिळतो. काम मिळाले नाही, तर पैसेही नाहीत. आठवड्याला 10 तास, असे 30 आठवडे, केंद्राच्या किमान वेतनाने (ताशी 7.25 डॉलर, पुष्कळ राज्यांत जास्त) 2,175 डॉलर होतात. यात ट्यूशन निघत नाही. पुस्तके, वरखर्च आणि थँक्सगिव्हिंगला घरी यायचे तिकीट निघते, आणि तेही काही थोडे नव्हे.

ही योजना 1964 सालची, अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळातली. अमेरिकन नागरिक व ग्रीनकार्डवाले हिला पात्र असतात, पण त्यासाठी 'फाफसा' फॉर्म भरावा लागतो. "आपल्याला कोण देणार?" म्हणून तो न भरणारी घरे आमच्या माहितीत आहेत. भरा हो! शिवाय वर्क-स्टडीची कमाई पुढच्या वर्षीच्या मदतीचा हिशेब करताना उत्पन्नात धरत नाहीत. बाहेरच्या दुकानातल्या नोकरीला ही सवलत नाही. भारतातून एफ-1 व्हिसावर आलेल्या भाच्या-पुतण्यांना ही योजना लागू नाही. त्यांना सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत साधी नोकरी करता येते. एच-4वरच्या मुलांना मात्र तीही करता येत नाही.

आता नाजूक मुद्दा. "आमची मुलगी डायनिंग हॉलमध्ये उष्टी ताटे उचलणार?" हे वाक्य पॉटलकमध्ये ऐकू येते. बोलणाऱ्यांचे आजोबा वार लावून जेवून शिकलेले असतात! कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या साताऱ्याच्या कॉलेजातले 'कमवा आणि शिका' तर आपल्याच मातीतले. मुलांना यात काही वाटत नाही. वाटते ते आपल्याला.

तरीही निवड करायला हरकत नाही. ग्रंथालयाचे काउंटर, कॉम्प्युटर लॅब, एखाद्या विभागाचे ऑफिस इथे वर्दळ नसेल तेव्हा वही उघडता येते. प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम मिळाले तर पुढे शिफारसपत्रही मिळू शकते. अशा जागा लवकर भरतात. तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत सामान लावून झाले की पडदे-चादरी घेण्याआधी मुलांना स्टुडंट एम्प्लॉयमेंट ऑफिसात पाठवा, आणि सोबत पासपोर्ट किंवा ग्रीनकार्ड मूळ प्रतीत द्या. नोकरीचा आय-9 फॉर्म भरताना झेरॉक्स चालत नाही.