स्टेशन मास्तरच्या घरातली बाई कागदात कुठे सापडते?



आजच्या बोलण्याची तयारी करताना आम्ही आमच्यातच एक प्रश्न विचारून पाहिला. तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव काय? पणजोबांचं नाव बहुतेकींना सांगता आलं. गाव सांगता आलं, जमीन किती होती तेही सांगता आलं. पणजीचं माहेर मात्र एक-दोघींनाच ठाऊक होतं. एकीला तर पणजीचं नावच माहीत नव्हतं. घरात सगळे तिला ‘थोरली आई’ म्हणायचे, तेवढंच तिच्या कानावर होतं.

म्हणून आज आपण घराण्याचा इतिहास कसा शोधतात, आणि त्यात बाई कुठे सापडते, यावर बोलू. उदाहरण जरा लांबचं घेतलं आहे. आयर्लंड देशातल्या, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या रेल्वे स्टेशन मास्तरच्या घराचं. एवढ्या लांब जायचं कारण असं, की तिथले जुने कागद आता कुणालाही फुकट बघता येतात, आणि कुठला कागद काय सांगतो हे त्यावरून नीट समजतं. बाईचं नाव हरवण्याची तऱ्हा तर तिथली आणि आपली अगदी बहिणी-बहिणी आहेत.

आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला, समुद्रापलीकडचं एक बेट. तेव्हा आपल्यासारखंच तेही इंग्रजांच्या राज्यात होतं. आपल्याकडे पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 ला मुंबईहून ठाण्याला गेली. आयर्लंडमध्ये ती त्याच्या 18 वर्षांहून थोडं आधी, डिसेंबर 1834 मध्ये, डब्लिन ते किंग्जटाऊन अशी सुरू झाली. पुढे 1845 पासून तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्याहून जास्त माणसं देश सोडून गेली. त्याच वर्षांत रूळ पुढे पुढे जात होते. 1849 मध्ये डब्लिनहून दक्षिणेला कॉर्क शहरापर्यंत गाडी पोचली. ज्या देशात शेतावर भरवसा उरला नव्हता, तिथे ठरलेला पगार आणि राहायला घर देणारी रेल्वेची नोकरी म्हणजे केवढा आधार असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

छोट्या स्टेशनचा मास्तर सगळंच बघायचा. तिकिटं, पैशाचा हिशेब, मालाची पावती, तार, दिवे, हमालांवर देखरेख. घड्याळावर तर त्याची सतत नजर. 1916 पर्यंत आयर्लंडचं घड्याळ इंग्लंडच्या घड्याळापेक्षा 25 मिनिटं मागे असायचं, आणि गाड्या डब्लिनच्या वेळेवर धावायच्या. बऱ्याच ठिकाणी त्याचं बिऱ्हाड स्टेशनच्याच इमारतीत, नाहीतर लागून असलेल्या घरात. म्हणजे घरच्या बाईचा दिवसही गाडीच्या वेळेवर चालणार, हे ओघानेच आलं.

पण ते घर कंपनीचं. नोकरी आहे तोवर घर आहे. मास्तर मेला, तर बाईला नवऱ्याच्या दुःखाबरोबर छपराचीही काळजी. आणि घर नावावर नाही, जमीन नावावर नाही, म्हणून जमिनीच्या कागदात हे घराणं सापडत नाही. शेतकऱ्याचं घर एका गावात पिढ्यान् पिढ्या दिसतं. मास्तरचं बिऱ्हाड बदली झाली की उठलं. आपल्याकडे एसटीत किंवा पोलिसात नोकरी असलेल्यांच्या घरात जे होतं, तेच.

मग असं फिरतं घराणं शोधायचं कसं? चार कागद धरून.

पहिला कागद खानेसुमारीचा, म्हणजे जनगणनेचा. आयर्लंडमध्ये दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत होती. पण 1861 आणि 1871 चे घरोघरचे कागद सरकारनेच नष्ट केले. 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईमुळे रद्दीत गेले. त्याआधीचे कागद डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यात होते. जून 1922 मध्ये, तिथल्या यादवी युद्धात, त्या दफ्तरखान्याला आग लागली आणि त्यांतले बहुतेक जळाले. म्हणून सगळ्या देशाचे, घरोघरचे पूर्ण कागद उरले ते 1901 आणि 1911 या दोनच सालांचे.

1901 च्या कागदात घरातल्या प्रत्येकाचं नाव, नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, काम, आणि जन्म कुठल्या जिल्ह्यात झाला ते लिहिलेलं असतं. आता इथे जरा गंमत बघा. समजा एका मास्तरला पाच मुलं आहेत. थोरल्याचा जन्म एका जिल्ह्यात, मधल्या दोघांचा दुसऱ्या, धाकट्यांचा तिसऱ्या. बापाची बदली कुठून कुठे झाली, याचा नकाशाच मुलांच्या जन्मगावांनी काढून दिला. तो नकाशा बाईच्या बाळंतपणांचा आहे, हेही लक्षात घ्या. दर वेळी नवं गाव, नवी सुईण, नवा शेजार. माहेर मागे, आणखी मागे. आणि त्याच कागदावर, कामाच्या रकान्यात नवऱ्यापुढे ‘स्टेशन मास्तर’ असतं, तेव्हा बायकोपुढचा रकाना बऱ्याचदा कोराच असतो.

दुसरा कागद जन्माच्या नोंदीचा. आयर्लंडमध्ये 1 जानेवारी 1864 पासून सगळ्यांचे जन्म, मृत्यू आणि लग्नं सरकारी वहीत नोंदवायला लागले. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि काम असतं, आणि आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट असतं. हा रकाना सोन्यासारखा. तेवढ्या एका आडनावावरून एक अख्खं दुसरं घराणं उघडतं. शेवटी नोंद कुणी दिली त्याची सही असते. तिथे कधी आई स्वतः असते, कधी बाळंतपणाला हजर असलेली बाई. लिहिता येत नसेल तर फुलीची खूण आणि शेजारी तिचं नाव. आपल्याकडचा अंगठा, तशी ती फुली. ती बघितली की वाटतं, ही बाई खरंच त्या टेबलापुढे उभी होती.

तिसरा कागद लग्नाचा. यात नवरा-नवरीची नावं, कामं, राहण्याची ठिकाणं, आणि दोघांच्या बापांची नावं आणि कामं लिहिलेली असतात. आयांची नावं? नाहीत. दोघांच्याही नाहीत. ज्या आईने नऊ महिने वाहिलं, तिला लेकाच्या लग्नाच्या कागदात जागाच नाही. ती शोधायला मग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीकडे जावं लागतं. कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्यांत बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव बहुतेक वेळा मिळतं. शिवाय बाळाचे धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावं असतात. ती माणसं पुष्कळदा नात्यातलीच, मावशी नाहीतर मामा. म्हणजे त्या दिवशी माहेरचं कोण आलं होतं, तेही समजतं.

मुलांच्या नावांतही धागा असतो. बऱ्याच आयरिश घरांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, अशी रीत होती. रीतच ती, सगळे पाळायचेच असं नाही. पण थोरल्या मुलीचं नाव धरून आजीचं नाव शोधायला सुरुवात करता येते.

चौथा कागद मृत्यूचा. तारीख, ठिकाण, वय, आजार, आणि काम. बायकोच्या कामाच्या रकान्यात काय लिहायचे? ‘स्टेशन मास्तरची बायको’. नवरा आधी गेला असेल तर ‘स्टेशन मास्तरची विधवा’. जन्मभर राबलेल्या बाईचं काम म्हणून नवऱ्याची नोकरी लिहिली. मास्तरची स्वतःची गोष्ट मात्र रेल्वे कंपनीच्या नोकरांच्या वह्यांतही मिळू शकते. कधी लागला, पगार किती, बदली कुठे, दंड कशाबद्दल. अशा उरलेल्या वह्या जपणारी एक संस्थाच डब्लिनमध्ये आहे, आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी नावाची. रूळ ओलांडायच्या रस्त्यांवरची फाटकं तिथे पुष्कळदा बायका सांभाळायच्या. नवरा रुळांवर कामाला आणि बायको फाटकावर, असं चालायचं. मास्तरच्या बायकोने नवऱ्याला केलेल्या मदतीला पगार नाही, म्हणून त्याची वहीही नाही.

वयाच्या बाबतीत एक सावधगिरी ठेवायला हवी. 1901 ला एखाद्या मास्तरच्या म्हाताऱ्या आईचं वय 58 लिहिलेलं असेल, तर 1911 ला 68 असायला हवं. पण कागदावर 71 सुद्धा सापडू शकतं. जानेवारी 1909 पासून 70 वर्षांपुढच्या गरिबांना सरकारी पेन्शन सुरू झाली होती, आणि 1864 च्या आधी जन्मलेल्या बहुतेकांकडे जन्माचा सरकारी दाखलाच नव्हता. श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरताना वयाच्या दाखल्यापायी झालेली धावपळ आठवा, म्हणजे त्या म्हातारीला हसावंसं वाटणार नाही. धडा एवढाच, की एका कागदावर विसंबायचं नाही. दोन-तीन कागद ताडून बघायचे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला, तिच्याकडे येतो.

1911 च्या खानेसुमारीत लग्न झालेल्या बाईबद्दल तीन नवे प्रश्न विचारले होते. लग्नाला किती वर्षं झाली? जिवंत जन्मलेली मुलं किती? त्यांतली आज हयात किती? उत्तर फक्त आकड्यात. समजा एका मास्तरच्या बायकोपुढे लिहिलं आहे: 24, 9, 6. लग्नाला चोवीस वर्षं, नऊ मुलं, हयात सहा. त्या तीन मुलांची नावं त्या कागदावर कुठेच नाहीत. 1901 च्या कागदात एखादं दिसेल, दोन खानेसुमाऱ्यांच्या मध्ये जन्मून गेलेलं तर तिथेही नाही. ती नावं शोधायची तर जन्माच्या आणि मृत्यूच्या वह्या, एकेका बदलीच्या गावच्या, चाळाव्या लागतात.

हे प्रश्न विधवांना नव्हते. तरी काही विधवांच्या नावापुढे आकडे भरलेले आहेत. नंतर कारकुनाने त्यावर रेघ मारली. पण रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात. आम्हाला वाटतं, त्या बायकांना कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं, तुझी लेकरं किती झाली, किती राहिली. आपल्याला विचारलेलं नाही असं म्हणून त्या कशा गप्प बसतील?

मैत्रिणींनो, आपल्या घरात अशा रेघेखालच्या गोष्टी किती आहेत? आपल्या राज्यात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग बापाचं नाव आणि आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. पुढच्या लेकरांच्या आया कागदावर येतील. मागच्यांचं काय? त्यांच्या नोंदी आपल्यालाच करायला हव्यात.

त्यासाठी फार काही लागत नाही. बचत गटाच्या वहीसारखी एक वही घ्या. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिचं लग्नाआधीचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव, तिच्या आईचं नाव आणि आईचं माहेर विचारा. लग्नानंतर कुठे कुठे राहिली, बाळंतपणं कुठे झाली, सुईण कोण होती, तिने शेतात, घरात, मजुरीवर काय काय काम केलं, तेही विचारा. सालं आठवत नसतील तर दुष्काळ, पूर, गावची मोठी घटना यांवरून अंदाज लावा. 1972 चा दुष्काळ बहुतेक आज्यांना आठवतो. मग शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची नोंद, रेशन कार्ड, जे सापडेल त्याच्याशी ताडून बघा.

आणि लेकरं किती झाली, किती राहिली, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी. तो विचारताना घाई करू नका. आधी तिचा हात हातात घ्या. ती बोलली नाही तर तो रकाना कोरा राहू द्या. बोलली, तर गेलेल्या लेकराचं नावही विचारा, आणि आकडा लिहून थांबू नका, नाव लिहा.

पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. आपण एकमेकींना वाचून दाखवू.