काताकाना : परक्या लिपींतील ओळखीचा क्रम

जपानी लेखनांत तीन प्रकारचीं अक्षरें एकत्र नांदतात. त्यांपैकीं परभाषेंतील शब्द व परकीयांचीं नांवें ज्या लिपींत लिहितात ती काताकाना. तिचीं मूळ अक्षरें 46. नवव्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंनीं, चिनी ग्रंथ वाचतांना खुणा करण्यासाठीं, चिनी अक्षरांचे तुकडे घेऊन ती बनविली.

आमच्या विद्यार्थ्यांनीं तिला भिण्याचें कारण नाहीं. आ, इ, उ, ए, ओ. पुढें का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा : हा क्रम संस्कृत वर्णमालेवरूनच तिकडे गेला. 'ना' व 'मा' यांमध्यें 'हा' कसा, असें कोणी विचारील. प्राचीन जपानींत तेथें 'प' हा उच्चार होता, असें विद्वान् मानतात!

खरी कसोटी 'शि' व 'त्सु' यांची. दोन्हीं अक्षरें जुळ्या भावंडांसारखीं. परंतु शेवटची रेघ 'शि'मध्यें खालून वर जाते, 'त्सु'मध्यें वरून खालीं येते. म्हणून आम्ही म्हणतों, नुसतें पाहूं नये, गिरवावें.

मग स्वतःचें नांव लिहून पाहावें. या लिपींत 'न्'खेरीज सुटें व्यंजन नाहीं, आणि 'ल' तर मुळींच नाहीं. तेव्हां राम तेथें 'रामु' होतो, व लीलेची 'रीरा' होते.