दुतोंड्या मारुती वहीत येतो तेव्हा

लेखमाला ‘लिहिती मुलं’ : भाग ५

गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की नाशिकमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘मारुती कुठवर बुडाला?’ गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, आणि गंगेवरचा दुतोंड्या मारुती हे आमचं पूर मोजायचं माप. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेपर्यंत चढलं, छातीला भिडलं, एवढं कळलं की काठच्या दुकानदारांना पुढचं सांगावं लागत नाही. जुनी माणसं लगेच १९६९ चा पूर काढतात, त्यांच्याहून धाकटी २००८ चा. क्युसेकचे आकडे बातम्यांत असतात. घरात बोलणं चालतं ते मारुतीच्या अंगावरून.

आता याच घरातल्या पाचवीच्या मुलाची वही उघडा. निबंध ‘पावसाळ्यातील एक दिवस’. आकाशात काळे ढग जमले आहेत, विजा चमकत आहेत, मोर पिसारा फुलवून नाचतो आहे, बेडूक डराव डराव करत आहेत आणि बळीराजा सुखावला आहे. पंचवटीतल्या या मुलाने नाचणारा मोर बहुधा पाहिलेला नाही. पूर मात्र त्याने कालच पाहिला, होळकर पुलावरच्या गर्दीत बाबांचा हात धरून. घरी येऊन त्याने तो अर्धा तास सांगितला. वहीत त्यातलं अक्षरही नाही.

मूल यात काही चुकलेलं नाही. घरी सांगायचं ते वेगळं आणि वहीत लिहायचं ते वेगळं, हे त्याला आपणच शिकवलं आहे.

मागच्या भागात आपण तिसरी-चौथीच्या पाच-सहा ओळींबद्दल बोललो. पाचवीपासून त्या ओळींचा निबंध होतो आणि तिथे एक जुनी रीत सुरू होते. फळ्यावर विषय, त्याखाली मुद्दे: प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, समारोप. ‘यावरून उद्या पंधरा ओळी लिहून आणा.’ मी स्वतः कित्येक वर्षं असंच शिकवलं. यात शिकवायचा मोठा भाग राहूनच जातो, कारण मुद्दे येतात कुठून, हे मुलांना कुणी सांगत नाही. ते फळ्यावरून येतात असंच त्यांना वाटतं. मग फळ्यावरच्या पाच मुद्द्यांतून चाळीस वह्यांत एकच निबंध उतरला, तर नवल काय?

मला यातून वाट दाखवली ती इटलीतल्या डोंगरात शिकलेल्या मुलांनी. फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना नावाच्या खेड्यात फादर लोरेंझो मिलानी यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. सरकारी शाळांनी नापास करून बाहेर काढलेली मुलं तिथे शिकत. त्यांतल्या आठ जणांनी मिळून आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला एक पुस्तकभर पत्र लिहिलं. ते १९६७ मध्ये छापून आलं आणि पुढे सुधा कुलकर्णी यांनी ‘प्रिय बाई’ या नावाने मराठीत आणलं. शिक्षणव्यवस्थेवरच्या टीकेसाठी ते प्रसिद्ध आहे. पण लेखन शिकवणाऱ्याने त्यातला एक छोटा भाग पुन्हा पुन्हा वाचावा. आपण हे पत्र कसं लिहिलं, ते मुलांनी तिथे सांगितलं आहे.

त्यांच्या खिशात वही असे. सुचलं की टिपायचं. मग प्रत्येक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूला. एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडायच्या. दोनदा आलेल्या काढून टाकायच्या, एकमेकींशी नातं असलेल्या एकत्र ठेवायच्या. त्यांचे गठ्ठे झाले की ती प्रकरणं. गठ्ठ्यातले उपगठ्ठे म्हणजे परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदाला नाव द्यायचं. नाव सुचत नसेल तर त्यात काहीच नाही, नाहीतर खूप काही कोंबलं आहे. त्यानंतर कात्री, डिंक, रंगीत पेन्सिली, आणि नको ते शब्द काढत राहायचं. शेवटी बाहेरच्या माणसांना एकेक करून बोलावून वाचायला द्यायचं. तीही शक्यतो फार न शिकलेली. त्यांना कळलं का, हे पाहायचं.

आपल्या वर्गात हे सहज होतं. पाठकोरे कागद शाळेत ढिगाने असतात. एका कागदाच्या आठ चिठ्ठ्या फाडायच्या, मुलागणिक पाच. नियम दोनच. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. आणि ती तुम्ही पाहिलेली, ऐकलेली, केलेली किंवा घरात कुणी बोललेली हवी. पुस्तकात वाचलेली आज नको.

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गात ‘हिवाळा’ हा विषय घेतला होता. निफाडचा पारा राज्यात सगळ्यांच्या खाली उतरतो, ही बातमी दरवर्षी येते. पण तिथल्या द्राक्षबागायतदाराच्या घरात थंडी म्हणजे काय, ते त्या दिवशी चिठ्ठ्यांवर आलं. ‘पहाटे तीनला पप्पा आणि काका बागेत शेकोट्या पेटवायला गेले.’ ‘लाईट आली की ठिबक चालू करायचं, पाण्याने मुळ्यांना ऊब राहते.’ ‘मणी तडकले तर व्यापारी येणार नाही, असं मम्मी म्हणाली.’ ‘शेकोटीचा वास शर्टाला येतो, म्हणून शाळेत सगळ्यांचे शर्ट सारखेच वास मारतात.’ आणि एक, ‘मला थंडी आवडते कारण तेव्हा आजी जवळ झोपू देते.’

सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. खडूने गोल आखले. कोणती कुठे, यावर वर्ग भांडू लागला, आणि हे भांडण मला फार मोलाचं वाटतं. ठिबकची चिठ्ठी बागेच्या गोलात की पहाटेच्या? मण्यांची चिठ्ठी बागेतली की घरातली? एक मुलगा म्हणाला, ती घाबरण्याच्या गोलात टाका. तोवर असा गोलच नव्हता. त्याने तो आखला आणि पप्पांची चिठ्ठीही तिथे नेली. परिच्छेद म्हणजे काय, हे याहून नीट मला कधीही सांगता आलेलं नाही. मग सुरुवात कशाने करायची, यावर मतं घेतली. पहाटे तीन निवडून आले. ‘हिवाळा हा वर्षातील एक महत्त्वाचा ऋतू आहे’ हे वाक्य मी खोडलं नाही. ते कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

अवघड जातं ते आवडती चिठ्ठी बाजूला ठेवणं. आजीची चिठ्ठी कुठल्याच गोलात बसेना. अशा चिठ्ठ्यांसाठी वर्गात एक पाकीट ठेवावं. फेकायचं नाही, पुढच्या निबंधासाठी राखायचं. मुलांचा जीव त्याने शांत होतो आणि पाकीट खरोखर कामी येतं.

यानंतरही लगेच लिहायला बसवू नये. आधी शेजारच्याला सांगायचं. त्याने तीन प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं मनात धरून मग पेन उचलायचं. सांगण्यातून लिहिणं येतं याचा दाखला आमच्या गावातच आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’तला बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. पुस्तकाची घडण आठवून पाहा. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो आणि प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे. गुरुजी त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. समोर ऐकणारी मुलं आहेत, ही सवय त्या हाताला होती. आपल्या वर्गातल्या मुलासमोर मात्र फक्त तपासणारा असतो.

तपासण्याचंही बोलू. नाशिक जिल्ह्यात शेताला वावर म्हणतात. मूल लिहितं, ‘आम्ही वावरात गेलो’, आणि त्यावर लाल रेघ मारून ‘शेतात’ लिहिलेलं मी अनेक वह्यांत पाहिलं आहे. बागलाण-मालेगावकडच्या घरात अहिराणी बोलतात. तिथे मुलगा आंडोर असतो. सुरगाणा-पेठकडच्या मुलांची घरची बोली आणखी निराळी. पहिल्या खर्ड्यात हे शब्द जसेच्या तसे येऊ द्यावेत. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, त्यात मला शंका नाही. या मुलांना तिची गरज शहरातल्या मुलांपेक्षा जास्त आहे. पण घरचा शब्द खोडला की त्याच्याबरोबर घरही वहीतून बाहेर जातं. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत आणि कुठे कोणता शोभेल, ते मुलांना ठरवू द्यावं. आई बोलते त्या वाक्यात वावरच शोभतं, हे त्यांना बरोबर कळतं.

शुद्धलेखनाची वेळही दुसऱ्या खर्ड्याचीच. साहित्य महामंडळाचे नियम अठरा आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. अठराच्या अठरा एका वहीवर चालवले की मुलाला दिसतो फक्त लाल रंग. एका निबंधाला एक नियम पुरे. या वेळी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, बाकीचं पुढच्या वेळी. वर्षाला बारा निबंध लिहून घेण्याऐवजी चार घ्यावेत आणि प्रत्येक दोनदा लिहून घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. चाळीस मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा, तर तो या आठ न घेतलेल्या निबंधांतून.

इथे शिक्षक नेहमी एक हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. पावसाळा, हिवाळा ठीक. पण आठवीला ‘नदीप्रदूषण’, ‘स्त्रीशिक्षण’ असे विषय असतात. पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन आणि आत्मकथनाच्या जोडीला वैचारिक लेखन आहे. तिथे मुलाचा अनुभव काय उपयोगाचा?

मराठी निबंध म्हटला की आपल्याला चिपळूणकर आठवतात. त्यांची ‘निबंधमाला’ १८७४ ला सुरू झाली. त्याच्या एकोणीस वर्षं आधी, १८५५ मध्ये, ‘ज्ञानोदय’ने एका शाळकरी मुलीचा निबंध छापला होता. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. विषय, मांग-महारांचं दुःख. याहून वैचारिक विषय कोणता? आणि तिने विचार मांडला तो कशाच्या बळावर? डोक्यावर छप्पर नसलेल्या, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल तिने लिहिले. तिने जे जवळून जाणलं होतं, तेच तिचं प्रमाण. वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल त्या जाणण्यातूनच उभा राहतो. कुठल्याही मुद्द्यांच्या यादीत तो तिला मिळाला नसता.

म्हणून आठवीलाही आधी चिठ्ठ्याच. ‘नदीप्रदूषण’ दिलं, तेव्हा एका चिठ्ठीवर आलं, ‘पाणवेलीत चेंडू पडला तर आता कुणी आणायला जात नाही.’ दुसरीवर, ‘पाहुणे तीर्थ भरून नेतात, आम्ही गंगेचं पाणी पीत नाही.’ या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि का, एवढंच विचारलं. तास तिथेच संपला. कारणं, उपाय, आकडे, वर्तमानपत्रातली कात्रणं हे सगळं पुढच्या तासाला मुलांनी आणलं, कारण आता त्यांना ते हवं होतं.

गुण कसे द्यायचे, हे मला बरेच जण विचारतात. मी मुलाला वही परत देताना एक काम सांगते: तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही लिहिता आलं नसतं असं एक वाक्य शोध आणि त्याच्याखाली रेघ मार. पहिल्या महिन्यात बहुतेक वह्या रेघेविना येतात. त्याबद्दल गुण कापू नयेत, फक्त पुन्हा विचारावं.

गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलीने अशी रेघ मारली. घरचं भांडीबाजारात दुकान. तिच्या चिठ्ठीवर होतं, ‘मारुतीचं डोकं दिसेना तेव्हा आजीने हात जोडले नाहीत, तिने सगळ्यांना माल वरच्या फळीवर ठेवायला लावला.’ मला ते इतकं आवडलं की मी सुचवलं, निबंध इथूनच सुरू कर. तिने चिठ्ठी उचलून पुन्हा शेवटी ठेवली आणि म्हणाली, ‘बाई, आधी पाणी चढू तर द्या.’