नळगंगा, मास कर्व्ह आणि घरचा हिशोब

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केली आहे. पण मित्रांनो, अंथरूण वर्षातून फक्त दोनदाच मिळत असेल तर? पाय कसे आणि किती पसरायचे?

हा प्रश्न गमतीचा नाही. बचतीवरचं कुठलंही पुस्तक उघडा, ते पहिल्याच पानावर 'मासिक उत्पन्न' लिहायला सांगतं. आपल्या स्टाफचं ते ठीक आहे, त्यांचा पगार महिन्याला होतो. पण होस्टेलच्या कितीतरी खोल्यांमध्ये कास्तकारांची मुलं राहतात. बुलडाणा जिल्ह्यात घरात पैसा येतो तो दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा आणि मग कपाशीचा. खामगावच्या मार्केटमध्ये माल विकला, चुकारा झाला, की घरात पैसा! बाकी वर्षभर खर्च मात्र रोजच चालू. अशा घराला 'मासिक बजेट' काय कामाचं?

इथे आपलं इंजिनिअरिंग कामी येतं. सिव्हिलवाल्यांना हायड्रॉलॉजीमध्ये मास कर्व्ह असतो. 1883 मध्ये रिप्पल नावाच्या इंजिनिअरने ही पद्धत मांडली. मोताळा तालुक्यातलं नळगंगा धरण डोळ्यासमोर आणा. पाऊस चार महिने, पाण्याची गरज बारा महिने. मग साठा किती हवा? त्यासाठी आलेल्या पाण्याची एकूण बेरीज आणि लागणाऱ्या पाण्याची एकूण बेरीज एकाच आलेखावर काढतात. दोन्हींमधला फरक जिथे सर्वात जास्त, तेवढा साठा पाहिजे. घराचं अगदी तसंच आहे बघा.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचे 90,000 आणि जानेवारीत कपाशीचे 1,10,000 रुपये आले. एकूण 2,00,000. आता खर्च. किराणा, वीज, दवाखाना धरून महिन्याला 9,000 म्हणजे वर्षाचे 1,08,000. जूनमध्ये बियाणं-खत 40,000 आणि मुलांची फी 20,000. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे सण 12,000. बेरीज 1,80,000. म्हणजे वर्षाची शिल्लक 20,000.

आता जानेवारीच्या शेवटी घरात किती पैसे दिसतात? तीन महिन्यांचे 27,000 वजा केले तर 1,73,000! एवढी रक्कम पाहून कोणालाही वाटेल, यंदा बरं चाललंय. पण फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात 1,53,000 रुपये जाणारच आहेत. म्हणजे 1,73,000 मधले खरोखर 'आपले' फक्त 20,000. बाकी सगळे पुढच्या महिन्यांचे, आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेले.

हे कागदावर मांडलं नाही, तर फेब्रुवारी-मार्चच्या लग्नसराईत 60,000 ची खरेदी सहज होते. मोटारसायकल, टीव्ही, आहेर... पेरणी आणि फी कशीबशी निघते, पण जुलै संपता संपता हात रिकामे, आणि दिवाळीपर्यंत एकूण 40,000 कमी पडतात. तेच पैसे सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने आणले, तर महिन्याचं व्याज झालं 1,200 रुपये. इथे कोणी उधळपट्टी केली नाही, दारू प्यायली नाही. फक्त साठा आणि बचत यांतला फरक लक्षात आला नाही, एवढंच.

धरणात अजून एक गोष्ट असते, मृत साठा. ते पाणी रोजच्या वापरात धरत नाहीत. घरातही तीन महिन्यांचा खर्च, आपल्या उदाहरणात 27,000, असा बाजूला हवा. पाऊस दगा देतो, तब्येत दगा देते. वर्षाची शिल्लक 20,000 असेल तर तो जमायला साधारण दीड वर्ष लागेल. त्याच्या आधी दुसरी कुठली मोठी खरेदी नको.

मग पैसा ठेवायचा कुठे? पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिना 100 रुपयांपासून उघडता येतं. ऑक्टोबर 2023 मध्ये ठरलेल्या 6.7 टक्के दराने पाच वर्षांत भरलेल्या 6,000 चे सुमारे 7,136 होतात. मुख्य म्हणजे बारा हप्ते एकदम आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूटही मिळते. चुकाऱ्यावर चालणाऱ्या घराला हे सोयीचं.

आपला जिल्हा पतसंस्थांचा आहे. 1986 मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन सगळ्यांना माहीत आहे. तिच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज मिळतं, म्हणजे भाव पडलेले असताना घाईने विकावं लागत नाही. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजनाही 1990-91 पासून याच कारणासाठी आहे. पण एक नियम घरी जरूर सांगा. बँकेतल्या ठेवींना फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत माणशी 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. जुलै 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा या विम्याची किंमत जिल्ह्याला कळली. म्हणून सगळा साठा एकाच धरणात नको!

आणि आपण होस्टेलवाले? घरून सेमिस्टरच्या सुरुवातीला एकदम पैसे येतात. आपणही एक छोटं धरणच आहोत. मेसबिल, परीक्षा फी, झेरॉक्स, घरी जायचं एसटीचं भाडं आधी लिहून काढा आणि एकूण रकमेतून वजा करा. उरलेला आकडा लहान निघेल, पण खरा निघेल.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की एक वही घ्या, बारा महिन्यांचे बारा रकाने आखा आणि आई-बाबांना सोबत घेऊन भरा. कुठल्या महिन्यात काय लागतं हे आईला तोंडपाठ असतं, बेरीज तेवढी आपण करायची.