संकल्प आणि सहा पाने

‘यंदा प्रथम वर्ग मिळवायचाच’ असा संकल्प आपण बहुतेकजण जूनमध्ये सोडतो. दिवाळीपर्यंत त्याचे काय होते, हे वसतिगृहातल्या मंडळींना ठाऊक आहेच! याला आळस कारणीभूत आहे, असे मला वाटत नाही. प्रथम वर्ग परीक्षकांच्या हाती. आजची पाने मात्र आपल्या.

१९८१ साली बांडुरा व शंक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वजाबाकीत कच्च्या मुलांना सात बैठकांसाठी ४२ पानांचा अभ्यास दिला. काहींना ‘दर बैठकीला सहा पाने’ असे सुचवले, तर काहींना ‘अखेरपर्यंत बेचाळीस’. काम तेच, पण सहा-सहा पानेवाली मुले सरस ठरली. विशेष म्हणजे, सक्ती नसतानाही त्यांना वजाबाकी करावीशी वाटू लागली. पाने संपली की ‘मला जमते’ याचा पुरावाच मिळतो ना!

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारी मीच पहिली; एक वर्षही वाया जाणे परवडणारे नाही. म्हणून अर्थशास्त्राचे २४० पानांचे पुस्तक मी चाळीस दिवसांवर वाटले आहे. रोज सहा पाने, संध्याकाळची एस.टी. येण्यापूर्वी, ग्रंथालयातच. मामेबहिणीच्या लग्नात चार दिवस बुडणार, तेही आधीच धरले आहेत. हे लिहीपर्यंत १०८ पाने झाली.