डोक्यावरचे ओझे आणि कामाची वाटणी



मागल्या दिवाळीत माझा पुतण्या गावी आला होता. पुण्याजवळ हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत तो काम करतो. आल्या आल्या ओसरीवर आडवा झाला, तो दिवेलागणीपर्यंत उठलाच नाही. वहिनी म्हणाल्या, "दिवसभर खुर्चीवर बसून असतो, डोक्यावर एसी. मग एवढा दमतो तरी कशानं?" प्रश्न भाबडा वाटेल खरा, पण त्याच्या उत्तरासाठी जाणत्या माणसांनी पन्नास-साठ वर्षे डोके खाजवले आहे. त्याविषयी आज बोलू.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, याच्या लिहून ठेवलेल्या सूचना. आपण मोबाईलवर सातबारा पाहतो, दुकानात खिशात हात न घालता पैसे देतो, त्यामागे अशा सूचनांच्या लाखो ओळी असतात. एकट्याचे ते काम नव्हे. म्हणून माणसांच्या तुकड्या करून ते वाटून द्यावे लागते, आणि खरी मेख तिथेच आहे.

भात लावणीला दहांच्या ऐवजी वीस माणसे खाचरात उतरवली, तर काम जवळजवळ निम्म्या वेळात उरकते. शेजारचा कोणती रोपे लावतो, हे मला विचारावे लागत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. मी इथे एक ओळ बदलली की तिकडे दुसऱ्याचे काम बिघडू शकते. म्हणून सतत एकमेकांना विचारायचे, सांगायचे, पुन्हा विचारायचे.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 1964 साली 'सिस्टीम 360' नावाचे संगणक जाहीर केले. त्या यंत्रांचा सगळा कारभार पाहणारे मूळ सॉफ्टवेअर करण्याच्या कामाचे प्रमुख होते फ्रेडरिक ब्रुक्स. काम लांबत गेले, ठरल्या वेळी हाती आले नाही. त्या अनुभवावर त्यांनी 1975 साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. त्यातला एक सिद्धांत आजही सांगितला जातो: रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली, तर ते आणखीच रखडते.

हे उफराटे वाटते ना? पण लग्नघरचा स्वयंपाक आठवा. पंगत बसायची वेळ झाली, भाजी अजून कच्ची. कोणीतरी उत्साहाने दहा माणसे आचाऱ्याच्या मदतीला धाडतो. मग मीठ कुठे आहे, मसाला पडला का, हा डाव कोणाचा, असे दहा प्रश्न! बिचारा आचारी कढई सोडून उत्तरे देत बसतो.

शिक्षक बंधुभगिनींनी याचा हिशोब फळ्यावर करून पाहावा. तीन माणसे असतील तर बोलणाऱ्या जोड्या तीन. पाच असतील तर 10. दहा झाली की 45. आणि पन्नास माणसांच्या जोड्या होतात 1,225! माणसे दसपट वाढली, पण बोलणी शंभरपटीहून जास्त वाढली.

दुसरी गंमत मेल्विन कॉनवे यांनी 1968 साली एका लेखात सांगितली. एका संस्थेत आठ माणसांवर दोन प्रोग्राम लिहिण्याचे काम सोपवले होते. एक कोबोल या संगणकभाषेसाठी, दुसरा अल्गोल या भाषेसाठी. कोबोलला पाच माणसे दिली, अल्गोलला तीन. काम पुरे झाले तेव्हा काय दिसले? कोबोलचा प्रोग्राम पाच टप्प्यांत चालत होता आणि अल्गोलचा तीन! म्हणजे वस्तूच्या गरजेवरून टप्पे पडले नाहीत, माणसांच्या वाटणीवरून पडले. जी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांनी केलेले भागही एकमेकांशी नीट जुळत नाहीत. भावाभावांनी वाटणी करताना घराच्या मध्यावर भिंत घातली, की पुढे स्वयंपाकघरसुद्धा भिंत सांगेल तिथेच होते.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी मावतात? जॉर्ज मिलर यांनी 1956 साली अंदाज दिला, साधारण सात. पुढे 2001 साली नेल्सन कोवन यांनी तो चारांच्या आसपास आणला. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी 1988 साली हाच विचार शिक्षणाला लावला. विषय मुळात अवघड असतो, त्याचे ओझे वेगळे. आणि तो गैरसोयीने पुढे आल्यामुळे पडणारे ओझे वेगळे. पहिले टाळता येत नाही, दुसरे टाळता येते. चार वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींना हे सांगायला नको. अपूर्णांक शिकवताना ते दमत नाहीत इतके दमतात पोषण आहाराची नोंद, ऑनलाईन माहिती आणि वरून आलेला तातडीचा निरोप यांच्या ओढाताणीत.

मॅथ्यू स्केल्टन आणि मॅन्युएल पाइस यांनी 2019 च्या आपल्या पुस्तकात हेच सॉफ्टवेअरच्या तुकड्यांना लावले. तुकडीला काम किती द्यायचे? तिच्या सगळ्यांच्या डोक्यात मिळून मावेल तितकेच. तुकडी लहान असावी, वरचेवर मोडू नये, आणि एक काम तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपले म्हणून सांभाळावे. जे सर्वांनाच लागते ते एका वेगळ्या तुकडीने तयार करून द्यावे, म्हणजे ज्याने त्याने आपापली विहीर खणायला नको. फार किचकट भागासाठी तज्ज्ञांची निराळी तुकडी ठेवावी. आणि काही जाणत्यांनी चार दिवस येऊन शिकवावे नि निघून जावे. अमेझॉन कंपनीत तुकडी किती मोठी, याचे माप सांगत: दोन पिझ्झांत जेवण भागावे एवढी. (आमच्या गावच्या पोरांचे विचाराल तर तेवढ्यात तिघेसुद्धा उपाशी उठतील!)

पण नुसत्या लहान तुकड्या पाडून भागत नाही, असे मला वाटते. काप चुकीच्या जागी घेतला तर प्रत्येक तुकडी दुसरीची वाट पाहत बसते, आणि दोष मात्र माणसांच्या आळसावर जातो.

त्या दिवाळीत मी पुतण्याला विचारले, "तुझ्याकडे कामं किती?" त्याने बोटे मोजली. तीन निरनिराळ्या गिऱ्हाइकांची तीन सॉफ्टवेअरे, त्यातले एक दुसऱ्याच कोणी लिहून सोडून दिलेले. दिवसात पाच बैठका, आणि रात्री काही बंद पडले तर फोन. एकेक काम तसे मोठे नव्हते. एकातून मन काढून दुसऱ्यात घालण्यातच दिवस सरत होता.

शिमग्याला तो पुन्हा आला. मधल्या काळात तिथे वाटणी बदलली होती. सात जणांची तुकडी आणि तिच्याकडे एकच सॉफ्टवेअर. वहिनींनी विचारले, "आता रात्रीचा फोन येत नाही ना?" तो म्हणाला, "येतो की. पण ज्याबद्दल येतो, ते मला ठाऊक असतं."