आपल्या ताटातला रोहू आणि जव्हार-मोखाड्याची तळी

जूनमध्ये समुद्रातली मासेमारी दोन महिने बंद होते. पापलेट-सुरमई परवडत नाही आणि आपल्या दस्तरखानावर रोहू, कटला येतो. मुंबई-ठाण्याच्या बाजारातला हा मासा बराचसा आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतून बर्फात येतो. आपण दिलेले पैसे कुणाच्या घरी जातात, हे आपण क्वचितच विचारतो.

हा धंदा लहान नाही. २०२३-२४ मध्ये देशाने साठ हजार कोटींहून अधिक रुपयांची मासळी परदेशी विकली. त्यात सुमारे दोन-तृतीयांश वाटा गोठवलेल्या कोळंबीचा होता, आणि ती बहुतेक तळ्यांत वाढवलेली. देशातली तीन-चतुर्थांश मासळीही आता समुद्राची नसून नद्या, तलाव, तळ्यांची आहे.

मग पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे पाहू. पाऊस दोन हजार मिलिमीटरहून अधिक. मोखाड्यातले मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते. तरी उन्हाळ्यात पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते आणि दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत भुकेने मुले दगावली, हे आपण विसरता कामा नये.

चढणीचे मासे धरणाऱ्या या लोकांना मासा नवा नाही. अडचण पाण्याची आहे. शेततळे सहा-आठ महिनेच भरलेले राहते. पावसाळ्यात अगदी बारीक बीज सोडले, तर मासा विकण्याजोगा होण्याआधीच तळे आटते. म्हणून आधीच्या वर्षी वाढवून ठेवलेली मोठी बोटुकली सोडावी लागते. त्यासाठी गावात एक तरी बारमाही तळे हवे. कटला वरचे, रोहू मधले आणि मृगळ तळाचे खाद्य खातो. तिघे एकाच तळ्यात नांदतात.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला आणि आदिवासींना साठ टक्के अनुदान ठेवले. राज्याने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. पण बोटुकली वेळेवर पोहोचली नाही, जवळ बर्फ आणि गिऱ्हाईक मिळाले नाही, तर अनुदानाचे तळे कोरडेच.

कोकण किनाऱ्यावरची आपली दालदी बिरादरी पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगली. मासा टिकवणे, विकणे आपल्याला ठाऊक आहे. या धंद्यातल्या बांधवांनी पाड्यांवरून थेट, रास्त भावाने खरेदी केली, तर दोन्हीकडे हलाल रोजी पोहोचेल. कोटींचे आकडे देशाला शोभतात. मोखाड्यात मात्र हिशेब साधा आहे: दिवाळीनंतर घराला कुलूप लागले नाही आणि मुलाच्या ताटात भाताबरोबर मासा आला, हीच खरी कमाई.